लाडाचा डबा

लॅब्राडोर पाळणाऱ्या घरात आजींचा पोळीचा तुकडा, नातवाचे बिस्किट, आजोबांच्या बशीतली खारी, प्रत्येकाचे 'एकच'! त्या बिचाऱ्याची भूक ढोंगी नसते. सुमारे पाव हिस्सा लॅब्राडोरांत भूक आवरणारे जनुकच सदोष असते, असे केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळले. पण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातल्या ४८ लॅब्राडोरांपैकी ज्यांना पाव हिस्सा कमी खायला दिले, ते आपल्या भावंडांपेक्षा जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षे म्हणजे केवढी! बरगड्या हाताला सहज लागत नसतील, तर आधी पशुवैद्याला दाखवावे; थायरॉइडचा दोष नाही ना, ते पाहावे. मग दिवसभराचे खाणे सकाळीच मोजून डब्यात काढावे आणि लाडही त्यातूनच करावेत. डबा रिकामा झाला की आजींनीही हात आखडावा.