कळसूबाईला जायचे, ते सर्वांनी मिळून



पाऊस उघडल्यावर, गळीत हंगामापूर्वी, एक शनिवार-रविवार अकोले तालुक्यातील बारी गावी मुक्काम करून कळसूबाई चढण्याचे आम्ही योजले आहे. उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही.

येणाऱ्यांत कॉलेजची पोरं आहेत, तशी साठी ओलांडलेली मंडळीही. “म्हाताऱ्यांना कशाला न्यायचं?” असे कोणी म्हणेल. पण उसाच्या गाड्यांची रांग पुढच्या बैलांच्या चालीने चालते. येथेही तसेच करावयाचे. शनिवारी सायंकाळी गावाजवळचा एखादा चढ चढून कोणाचा दम किती ते पाहू, मगच सहा-सहांच्या तुकड्या पाडू. हळू चालणारा पुढे, दमदार गडी शेवटी. पोरांनी पुढे पळायचे नाही. थकलेल्यांचे ओझे त्यांनी घ्यायचे.

रविवारी पहाटे निघावे. चढ सुमारे तीन-चार तासांचा. वाटाड्या गावचाच घेऊ. लोखंडी शिड्यांवर गर्दी करू नये. ज्याला शिडीची भीती वाटेल त्याने खुशाल खाली थांबावे. सोबतीला एक जण राहील. अकरा वाजता, जो जेथे असेल तेथून माघारी. शिखर कोठे पळून जात नाही!

वरून भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो. १९२६ साली पुऱ्या झालेल्या त्या धरणाच्या पाण्यावर प्रवराकाठचा ऊस उभा राहिला. ते पाणी एकदा डोळे भरून पाहावे.

नावे गट ऑफिसात द्यावीत. मात्र छातीचे, गुडघ्याचे दुखणे लपवू नये. दुखणे कळले तर तुकडी नीट पाडता येते.