पॅकअपनंतरची दहा मिनिटं

घोडबंदर रोडवरच्या सेटवर रात्री ‘पॅकअप’ची आरोळी आली की मेकअप रूम बघता बघता रिकामी होते. सकाळी तासभर खपून चढवलेला चेहरा उतरवायला कुणालाच वेळ नसतो. पर्समधून वाइप्सचं पाकीट निघतं आणि घरी जाताना गाडीतच तोंड पुसलं जातं.

आमच्या मालिकेच्या नायिकेचंही असंच चाललं होतं. तिसऱ्या महिन्यात तिच्या पापण्या सुजल्या, गालांवर लाल चट्टे उठले. फाउंडेशनचा पहिला हात फिरला की कळवळायची, “दादा, आग होतेय.” संशय माझ्या पेटीवर आला. मी ब्रश बदलले, स्पंज फेकले, फाउंडेशन दुसरं आणलं. चट्टे हलेनात. त्या सुजल्या डोळ्यांत काजळ घालताना माझाच जीव वरखाली व्हायचा.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट सांगितली. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या, ४८ तास. पाठीला पाणी नको, घाम नको. नेमका लग्नाचा सीन लागलेला! ड्रेसदादांनी रातोरात बंद पाठीचा ब्लाउज शिवून आणला. पट्ट्या निघाल्यावर जो ठिपका फुगून आला, तो माझ्या फाउंडेशनचा नव्हता, मिथाइलआयसोथायाझोलिनोनचा होता. ओल्या वाइप्समध्ये जंतू-बुरशी वाढू नये म्हणून घालतात ते प्रिझर्व्हेटिव्ह. अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला त्या वर्षीचा ॲलर्जन ठरवलं होतं. लावून न धुण्याच्या प्रसाधनांत ते वापरायला युरोपीय संघात २०१७ पासून बंदी आहे. वाइप्सने पुसून तसंच झोपलं, तर तेही न धुतलेलंच राहतं की!

हे प्रिझर्व्हेटिव्ह सगळ्याच वाइप्समध्ये नसतं. पण मेकअप सुटावा म्हणून घातलेला साबणासारखा अंश बहुतेकांत असतो आणि तो रात्रभर चेहऱ्यावर राहतो. त्यात चोळणं. वॉटरप्रूफ मस्कारा ओल्या कपड्याला दाद देत नाही, म्हणून पापणी खसाखसा घासली जाते. अंगावरची सगळ्यात पातळ कातडी ती. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगाला अशा रोजच्या घासण्याने काळपट डाग पडतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. ते झाकायला मग माझा कन्सीलर जाड होतो, आणि तो काढायला रात्री आणखी जोरात घासणं.

माझे गुरू संगीत नाटकांच्या दौऱ्यांवर रंगभूषा करायचे. प्रयोग संपला की खोबरेल तेल आणि जुन्या धोतराचे धुतलेले तुकडे घेऊन तयार. तेल लावायचं, थांबायचं, रंग आपणहून सुटू द्यायचा, मग तोंड धुवायचं. घाईने मिशी ओढणाऱ्या नटावर ते खेकसत. मुरमं येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल मानवत नाही, तिथे मी क्लेन्झिंग बाम वापरतो. पद्धत मात्र त्यांचीच.

निकाल आला त्या रात्री, वाइप्सने पुसून लख्ख दिसणाऱ्या तिच्या चेहऱ्यावरून मी तेलाचा बोळा फिरवला. केसांच्या कडेने, नाकपुडीच्या घडीतून, जबड्याखालून. बोळा बदामी झाला. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

मेकअप उतरवायला शिफ्टमध्येच दहा मिनिटं द्या, असं मी प्रॉडक्शनला सांगून पाहिलं. “दादा, पॅकअप म्हणजे पॅकअप,” एवढंच उत्तर मिळालं. रूममधल्या बेसिनच्या नळाला तर बहुतेक रात्री पाणीच नसतं. म्हणून शेवटचा शॉट लागला की मी स्पॉटदादांकडून कोमट पाण्याची बादली मागवून ठेवतो. ती खुर्चीत बसते, डोळे मिटते. खाली ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवतो. आम्ही दोघंही उठत नाही.