बारीक माणसाला मधुमेह कसा होतो?

‘डॉक्टर, माझं वजन पंचावन्न किलो. गोडाची आवड नाही, दिवसभर उभ्याचं काम. मग मला शुगर निघालीच कशी?’ सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा प्रश्न आठवड्यातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणारा चाळिशीच्या आतबाहेरचा असतो, हातपाय काटकुळे आणि शर्टाच्या आत जेमतेम दिसणारं छोटंसं पोट. आम्ही शिकलो त्या इंग्रजी पुस्तकांत प्रौढपणीचा मधुमेह हा मुख्यतः लठ्ठ माणसाचा आजार होता. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. हे सगळे काही लठ्ठ नाहीत.

या प्रश्नाचं जे उत्तर आज आपल्या हाती आहे, ते एका विषयाच्या तज्ज्ञांना एकट्याने सापडलेलं नाही. त्याचा पहिला धागा तर मधुमेहाचा नव्हेच, हृदयविकाराचा होता, आणि तो मिळाला जुन्या वह्यांत.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून परिचारिका घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांची वजनं वह्यांत नोंदवत असत. साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर यांना एक कोडं पडलं होतं. हृदयविकार हा सुबत्तेचा आजार म्हणायचा, तर इंग्लंडच्या ज्या भागांत पूर्वी गरिबीमुळे बालमृत्यू जास्त होते, तिथेच तो आता जास्त कसा? त्या वह्यांतली बाळं आता म्हातारी झाली होती, काही वारलीही होती. बार्कर आणि सहकाऱ्यांनी वह्यांतल्या नोंदी मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. पहिल्या वाढदिवसाला ज्यांचं वजन कमी भरलं होतं, त्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने झालेले मृत्यू अधिक होते. हा निबंध १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. बऱ्याच हृदयरोगतज्ज्ञांनी तेव्हा तो हसण्यावारी नेला. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सोडून हा माणूस पाळण्यात काय शोधतोय, असा सूर होता.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात मधुमेहाचं काम करणाऱ्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना मात्र त्यात आपल्या रुग्णांच्या कोड्याचा सुगावा दिसला. १९९३ मध्ये त्यांनी बार्कर यांच्या साउदॅम्प्टनच्या गटाबरोबर पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. पद्धत साधी, पण चिकाटीची होती. बाई काय खाते, शेतात किती राबते, हे आधी नोंदवायचं. मग बाळ जन्मलं की फक्त वजनावर न थांबता डोकं, पोट, दंड मोजायचे आणि कातडीची घडी चिमट्यासारख्या कॅलिपरमध्ये धरून खालची चरबी मोजायची. हे मानवमितीचं, म्हणजे मानववंशशास्त्रज्ञांचं तंत्र. प्रसूतिगृहात सहसा वजनकाटा आणि टेप एवढंच असतं.

त्या कॅलिपरने घोटाळा उघड केला. साउदॅम्प्टनचं बाळ सरासरी ३.५ किलोचं, आपलं २.७ किलोचं. आठशे ग्रॅमचा फरक. मग कमी काय भरलं? स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी मात्र, विशेषतः पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालची, जवळजवळ राखलेली होती. दिसायला किडकिडीत, पण अंगाच्या मानाने चरबी जास्त, असं हे ‘थिन-फॅट’ भारतीय बाळ. स्नायू हे रक्तातली साखर रिचवणारं शरीरातलं सर्वांत मोठं कोठार आहे. कोठारच लहान बांधलेलं असेल, तर पुढे शहरात येऊन बसून काम आणि भरपूर वडापाव सुरू झाल्यावर साखर जायची कुठे?

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापून आलं. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! विद्यार्थ्यांना शिकवताना मी हे चित्र आवर्जून दाखवतो. वजनकाट्यावरचा त्यांचा विश्वास त्यानंतर जरा कमी होतो.

पण गर्भातली उपासमार शरीर चाळीस वर्षं ‘लक्षात’ ठेवतं कसं? इथे युद्धाचा इतिहास आणि रेणुजीवशास्त्र एकत्र आले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. त्या काळात गर्भात असलेल्यांमध्ये पुढे ग्लुकोज पचवण्याची क्षमता कमी आढळली. २००८ साली त्यांच्या पेशी तपासल्या, तेव्हा वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या मिथाइल खुणा त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी होत्या. जनुकाचं अक्षर तेच, त्यावरची खूण वेगळी, आणि ती सहा दशकांनंतरही टिकलेली.

या मिथाइल खुणांचा कच्चा माल पुरवण्याच्या साखळीत दोन जीवनसत्त्वं लागतात, फोलेट आणि बी-१२. पुण्याच्या अभ्यासात जवळजवळ दोन तृतीयांश मातांना बी-१२ ची कमतरता होती. ज्यांचं बी-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक विरोध दिसला. बी-१२ मिळतं दूध, अंडी, मासे, मटण यांतून, आणि शाकाहारी घरात दुधाचा पेला कुणाच्या वाट्याला येतो ते मी सांगायला नको. याच अभ्यासात ज्या गर्भवतींच्या जेवणात दूध, पालेभाजी, फळं होती त्यांची बाळं मोठी भरली.

हा पुरावा सगळा संगतीचा आहे, थेट कारणाचा नव्हे. अनुवंश, झोप, तंबाखू, बैठी कामं हे सगळं आहेच. आणि यातून ‘आईने नीट खाल्लं नाही म्हणून’ असा निष्कर्ष कुणी काढला तर मला राग येतो. त्या बाईच्या ताटात काय वाढायचं हे बहुतेक वेळा तिने ठरवलेलं नव्हतं.

ओपीडीत याचा उपयोग काय? बारीक दिसणाऱ्या माणसाच्याही कमरेला मी टेप लावतो. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. जन्मतः वजन कमी होतं का, आईला गरोदरपणी साखर होती का, हेही विचारतो. बहुतेकांना ठाऊक नसतं, पण मग ते घरी आईला विचारतात. गर्भवतीची साखर पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत तपासायचीच; सरकारी मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. कमी वजनाच्या बाळाला घाईने गुबगुबीत करण्याच्या नादात साखर घातलेली पावडर पाजू नये.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. या गोळीने बी-१२ चं शोषण घटतं. तळपायांना मुंग्या येत असतील तर ‘शुगरमुळेच असेल’ म्हणून गप्प बसू नका. बी-१२ तपासून घ्या आणि गोळी मनाने बंद करू नका. शाकाहारी असाल तर मुंग्या नसतानाही ही तपासणी करून घ्यावी. कमतरता निघाली तर त्यावरचा उपचार सोपा आहे आणि फार महागही नाही.