पूर कोल्हापुरात, दूध गोव्यात आटले

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला. पंचगंगेचे पाणी गोव्याच्या किनाऱ्यावर पोहोचत नाही. पण त्या दिवसांत तिथल्या घरांत, हॉटेलांत दूध-भाजीची टंचाई झाली. कारण ही रसद घाटावरून येते. त्यातच १२ तारखेला बकरी ईद होती.

आमच्या किल्लारीला समुद्र नाही, पण दूरचे नाते आम्ही जाणतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने आमची घरे पाडली, तेव्हा आमच्यासाठी भाकरी दूरच्या गावांतून आली. म्हणून वर्गात आम्ही मुलांना विचारतो, चहातले दूध कुठून आले? वाचकहो, दस्तरखानावर बसताना तुम्हीही हे मुलांना विचारा. शेजारी फक्त भिंतीपलीकडचाच नसतो.