चालू आहे, पण मुदत संपली आहे

मागच्या वेळी आपण प्रमाणांवर बोललो. आजचा विषय लिनक्समधल्या मॉड्यूल्सच्या मुदतींचा. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला यात काय गती, असं कुणी म्हणेल. तर आधी घडलेलं सांगतो.

आमच्या एका ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांची सूची संगणकावर आहे. सर्व्हरवर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८. ती मे २०१९ मध्ये आली आणि कंपनीचं वचन दहा वर्षांचं, म्हणजे मे २०२९ पर्यंत. आम्ही निर्धास्त. २०२३ च्या सुरुवातीला एक मुलगी हे काम बघायला आली. तिने विचारलं, "सर, पीएचपी कुठलं आहे?" म्हटलं, ७.२. ती म्हणाली, "त्याची मुदत मे २०२१ लाच संपलीय."

आणि सूची तर रोज उघडत होती!

आता बघा, वाडा एकच असतो, पण प्रत्येक बिऱ्हाडाचा करार वेगळा. तसंच हे. मूळ प्रणालीची मुदत दहा वर्षं. तिच्यात राहणाऱ्या पीएचपी, नोड, पोस्टग्रेस यांच्या आवृत्त्या मॉड्यूल म्हणून येतात. त्या प्रत्येक आवृत्तीला 'स्ट्रीम' म्हणतात आणि तिची मुदत स्वतंत्र असते. नोड १० ची एप्रिल २०२१ मध्ये संपली.

संपतं म्हणजे नेमकं काय? प्रोग्रॅम मरत नाही. सुरक्षेतली भोकं बुजवण्याचं कुणीतरी दिलेलं वचन संपतं. म्हणून प्रत्यक्ष प्रमाण इथे कामाचं नाही. डोळ्यांना सर्व्हर ठणठणीतच दिसणार. मुदत कळते ती शब्दप्रमाणानेच. मग पुढचा प्रश्न येतो, शब्द कुणाचा? पायथन २ च्या कर्त्यांनी १ जानेवारी २०२० ला हात काढून घेतला; रेड हॅटने मात्र याच प्रणालीतलं २.७ चं मॉड्यूल जून २०२४ पर्यंत सांभाळलं. वस्तू एक, तारखा दोन, आणि दोन्ही खऱ्या.

बरं, शब्द फिरवलाही जातो. सेंटओएस ८ ची मुदत २०२९ वरून थेट २०२१ अखेर आणली, तीही डिसेंबर २०२० मध्ये जाहीर करून. त्यामुळे तारखा एकदा लिहून कपाटात ठेवता येत नाहीत.

सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच. तुम्ही काही न निवडता पीएचपी बसवलंत, तर मुदत उलटल्यावरही ७.२ च मिळतं. ठरलेली निवड मध्येच बदलली तर लोकांची चालती कामं मोडतील, म्हणून ती बदलत नाहीत. हेही एक वचनच! प्रणाली आपणहून दुसऱ्या स्ट्रीमवर जात नाही, आणि 'डीएनएफ मॉड्यूल लिस्ट' विचारलं तर नावं येतात, तारखा येत नाहीत. त्या कंपनीच्या वेळापत्रकातून स्वतः उतरवाव्या लागतात.

फेडोराने २०१८ मध्ये मॉड्यूल्स आणली आणि २०२३ च्या आवृत्ती ३९ मध्ये काढूनही टाकली. रेड हॅटच्या आवृत्ती १० मध्येही ती पद्धत नाही. पण वेगवेगळ्या मुदती तिथेही आहेतच.

आम्ही काय केलं? चालू स्ट्रीमची यादी केली, प्रत्येकीपुढे तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव लिहिलं. पोस्टग्रेस १० पुढे मे २०२४ आली. ते काम लगेच हाती घेतलं, कारण नुसती स्ट्रीम बदलून जुना डेटा नव्या आवृत्तीत जात नाही, तो वेगळा न्यावा लागतो. आधी प्रतीवर करून बघितलं.

पीएचपीला त्या वेळी दोन वाटा होत्या. ८.० नवं, पण त्याची मुदत नोव्हेंबर २०२३. ७.४ जुनं, पण मे २०२९ पर्यंत. विश्वस्तांपैकी एक काका हटूनच बसले, "नवंच घ्या हो." त्यांना ती यादी दाखवायला अर्धा तास गेला. शेवटी ७.४ घेतलं.