पोलाद कापणारा प्रकाश

साखर कारखान्यातली जुनी टाकी मोडायची झाली की काय करतात, हे अकोलेकरांना सांगायला नको. गडी गॅसकटर घेऊन जवळ बसतो आणि पत्रा कापतो. पण अणुवीजकेंद्र मोडायचे झाले तर?

आपल्या राज्यात तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. अशा भट्टीचे जाड पोलादी पात्र वर्षानुवर्षे न्यूट्रॉनांचा मारा सोसून स्वतःच किरणोत्सर्गी बनते. त्याच्याशेजारी गडी कसा बसवावा?

येथे लेसर कामी येतो. यंत्र दूर, सुरक्षित जागी राहते. प्रकाश बारीक काचतंतूतून यांत्रिक हाताच्या टोकापर्यंत जातो. भिंगाने तो एकवटला की पोलाद वितळते आणि हवेचा झोत तो रस उडवून देतो. करवतीसारखा रेटा लागत नाही. चीर अरुंद पडते, म्हणून चुराही कमी. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने आपल्या अणुभट्ट्यांच्या दुरुस्तीत लेसरने कापणी करून दाखवली आहे. जाड पोलादाला मात्र ताकद पुष्कळ लागते आणि निघणारा धूर किरणोत्सर्गी असतो. तो गाळावाच लागतो.

त्या गाळण्या बदलणार कोण? माणूसच! तो ठेकेदाराचा असला तरी त्याच्या छातीवर किरणमापक बिल्ला हवा, आणि त्यावरचा आकडा त्याला समजावून सांगितला पाहिजे. प्रकाशाने पोलाद कापले, पण कामगाराला अंधारात ठेवले, तर आम्ही त्याला प्रगती म्हणणार नाही.