जुन्या खेळाचा जीर्णोद्धार

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आम्हा मराठी कुटुंबांपैकी कित्येकांच्या पेट्यांतून मोडी लिपीतील जुने कागद आढळतात. कागद शाबूत असतो, शाई पुष्कळ ठिकाणी ठळक असते, भाषा तर आमचीच असते. परंतु ते वाचणारे माणूस मात्र घरात उरलेले नसते. वस्तू जवळ असूनही ती मुकी व्हावी, हा प्रसंग केवळ कागदांवरच येतो असे नव्हे. अवघ्या पन्नास वर्षांपूर्वी संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांचीही हीच गत होते. अशा एका आज्ञावलीची, किंबहुना एका खेळाची, हकीकत विद्यार्थी वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

या खेळाचे नाव ‘ॲडव्हेंचर’, म्हणजेच साहस. त्याचे मूळ कर्ते विल क्रौदर हे अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ. इंटरनेटचे पूर्वरूप जे ‘आर्पानेट’, त्याच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. त्यांना गुहा धुंडाळण्याचा मोठा छंद होता. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या अतिविस्तीर्ण गुहेच्या एका भागाचे वर्णन आधारास घेऊन त्यांनी १९७५-७६ च्या सुमारास आपल्या दोन मुलींसाठी हा खेळ रचिला. त्यात चित्र नाही, आवाज नाही. आहेत ते केवळ शब्द. आपण कोठे उभे आहोत व समोर काय आहे, ते संगणक सांगतो. खेळाडूने एकदोन शब्दांत आज्ञा द्यावयाची. गुहेत एक पक्षी आहे. पिंजरा जवळ असूनही तो हाती लागत नाही, कारण खेळाडूच्या हातातील काठीला तो भितो. काठी खाली ठेवावी, पक्षी पिंजऱ्यात घ्यावा, आणि पुढे वाट अडवून बसलेल्या सापाला त्याच पक्ष्याकडून पळवून लावावे, असा हा बुद्धीचा खेळ आहे.

पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वुड्स या विद्यार्थ्याच्या हाती हा खेळ पडला. त्यांनी क्रौदर यांची अनुमती मिळविली, आणि १९७७ साली खजिना, कोडी व गुणांकन वाढवून ३५० गुणांची आवृत्ती सिद्ध केली. १९९५ साली त्यांनीच ४३० गुणांची आवृत्ती केली.

आता प्रश्न असा की, कागदास वाळवी लागते तशी आज्ञावलीस काहीच लागत नसता ती जुनी का व्हावी? उत्तर असे, की तिची अक्षरे बदलत नाहीत. तिच्या भोवतालचे जग बदलते. माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या दुभाष्यास कंपायलर म्हणतात. दुभाषे बदलतात, यंत्रे बदलतात, आणि जुनी आज्ञावली परक्या गावी आलेल्या माणसासारखी गोंधळते.

‘ॲडव्हेंचर’च्या बाबतीत दोन अडचणी विशेष समजून घेण्याजोग्या आहेत. पहिली अडचण यंत्राची. हा खेळ पीडीपी-१० नावाच्या संगणकावर फॉरट्रान भाषेत लिहिलेला होता. त्या यंत्राच्या स्मृतीतील प्रत्येक कप्पा ३६ बिटांचा असे, आणि एक अक्षर ७ बिटांत बसे. म्हणजे एका कप्प्यात पाच अक्षरे मावत व एक बिट उरे. यामुळे हा खेळ प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरे पाहत असे. इंग्रजीत उत्तर दिशेस ‘नॉर्थ’ म्हणतात आणि ईशान्येस ‘नॉर्थईस्ट’. या दोन्ही शब्दांची पहिली पाच रोमन अक्षरे एकच असल्याने खेळास त्यांतील भेद कळेना. म्हणून ईशान्येसाठी दोन अक्षरी संक्षेप वापरावा, अशी सूचना खेळातच द्यावी लागली. आज एक अक्षर सर्वसाधारणपणे ८ बिटांत मांडतात. ३२ बिटांच्या कप्प्यात अशी चारच अक्षरे मावतात. साहजिकच ‘पाच अक्षरांचा एक कप्पा’ या गृहीतकावर उभारलेली रचना नव्या यंत्रावर जशीच्या तशी टिकत नाही.

दुसरी अडचण लेखनपद्धतीची. त्या काळच्या फॉरट्रान भाषेत ‘अमुक असेल तर हे सर्व करा, नसेल तर ते सर्व करा’ अशी सुटसुटीत रचना नव्हती; म्हणून ‘अमुक क्रमांकाच्या ओळीवर जा’ अशा उड्यांनीच काम चालवावे लागे. पुढे ही आज्ञावली यांत्रिक रीतीने सी भाषेत उतरविली गेली तेव्हा त्या उड्याही तशाच उतरल्या. भाषा नवी झाली, वळण जुनेच राहिले. वाचणाऱ्यास एका ओळीवरून दुसरीवर, दुसरीवरून दहावीवर धावताना मूळ हेतूच सापडेनासा व्हावा, अशी तिची अवस्था होती.

२०१७ साली एरिक रेमंड यांनी क्रौदर व वुड्स या दोघांच्या संमतीने १९९५ च्या आवृत्तीचा जीर्णोद्धार हाती घेतला आणि ‘ओपन ॲडव्हेंचर’ या नावाने ती मुक्त स्रोत म्हणून प्रसिद्ध केली. मुक्त स्रोत म्हणजे जिची मूळ आज्ञावली कोणासही वाचता, सुधारता व इतरांस देता येते अशी कृती. या कामात अनेक स्वयंसेवकांनी हातभार लावला. त्यांची कार्यपद्धती प्रत्येक विद्यार्थ्याने मनात ठेवावी अशी आहे.

जुन्या रचनेस हात लावण्यापूर्वी तिचे वर्तन नोंदवून ठेवावे, हे या पद्धतीचे सूत्र. खेळाडूने द्यावयाच्या आज्ञा एका फायलीत, आणि त्यांस खेळाने दिलेली उत्तरे दुसऱ्या फायलीत ठेवावयाची. मग आज्ञावलीत कितीही लहान बदल केला, तरी त्याच आज्ञा पुन्हा देऊन उत्तरे अक्षरशः जुळतात की नाही हे संगणकाकडूनच तपासून घ्यावयाचे. एक अक्षर जरी वेगळे आले, तरी थांबून कारण शोधावयाचे.

येथे एक गमतीची अडचण येते. गुहेतील बुटके कधी आडवे येतील याचा नेम नसतो. समुद्री चाचा केव्हा खजिना पळवील हेही ठरलेले नसते. फासा दर वेळी निराळा पडू लागला, तर दोन खेळ जुळावेत कसे? परंतु संगणकाचा फासा हा वस्तुतः गणिताने काढलेल्या आकड्यांचा क्रम असतो. त्याचा आरंभीचा आकडा, ज्यास ‘बीज’ म्हणतात, तो ठरवून दिला की पुढचा सारा क्रम दर वेळी तोच येतो. तपासणीपुरते बीज पक्के केले आणि अडचण मिटली.

एवढी खबरदारी घेतल्यावरच उड्यांच्या जागी सरळ वाचता येणारी रचना आली. गुहेतील जागा, वस्तू व वाटा पूर्वी आकड्यांच्या कोष्टकांत होत्या. दिवा म्हणजे २, जाळीचे दार म्हणजे ३, असा हिशेब होता. ती सर्व माहिती यॅमल नावाच्या, माणसास सहज वाचता येणाऱ्या नमुन्यात नावानिशी लिहिली गेली. तिच्यापासून सी भाषेतील कोष्टके तयार करण्याचे काम पायथन भाषेतील एक छोटी आज्ञावली करते. प्रत्येक बदल कोणी, केव्हा व का केला याची नोंद ‘गिट’ या साधनात राहते.

मग खेळ तरी तोच राहिला काय? जीर्णोद्धार करणाऱ्यापुढे हाच खरा पेच असतो. देवळाची पडकी भिंत सावरावी. परंतु गाभाऱ्यातील मूर्ती बदलू नये. या मंडळींनी काही उघड दोष दूर केले, आज्ञा लिहावयाच्या जागी एक खूण आणली, काही आज्ञांस संक्षेप दिले. पण गुहा, कोडी व मूळ शब्द यांस धक्का लावला नाही. शिवाय ज्यास जुनेच वळण हवे, त्याच्यासाठी तशी सोयही ठेवली. नव्याची आवड आणि जुन्याचा आदर यांचा मेळ याहून चांगला क्वचितच पाहावयास मिळेल.

हे कार्य वेळीच न झाल्यास काय होते, त्याचाही दाखला याच खेळात आहे. क्रौदर यांनी स्वतः लिहिलेली पहिली आज्ञावली अनेक वर्षे नष्ट झाली असेच समजले जात होते. ती २००५ साली स्टॅनफर्ड येथे वुड्स यांच्या विद्यार्थिदशेतील जुन्या खात्याच्या राखीव प्रतींत सापडली, आणि डेनिस जेर्झ या प्राध्यापकांनी २००७ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणा अज्ञात व्यवस्थापकाने ती जुनी प्रत पुसून टाकिली नाही, एवढ्यावरच ती वाचली.

विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या संगणककक्षात तुम्ही आज जी लहानशी आज्ञावली लिहिता, तीही एक दिवस जुनी होणार आहे. ती वाचणारा उद्याचा माणूस तुमच्यासमोर नसेल. म्हणून नावे अर्थपूर्ण द्या, आपण असे का केले ते दोन ओळींत लिहून ठेवा, एक प्रत दुसऱ्याच्या हवाली करा, आणि दुसऱ्याच्या कृतीत हात घालण्यापूर्वी त्याची संमती घ्या. आणि घरातील त्या मोडी कागदांचेही तसेच आहे. ते वाचणारे कोणी आजोबा वा आजी गावात असतील, तर या सुटीत वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. कागद पुष्कळ टिकतात. पण ते वाचावयास शिकविणारे आपली फार काळ वाट पाहू शकत नाहीत.